रॅमचा स्पीड आणि बायोस अपडेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबागेत ड्रॉइंग करणारे, खडेबाजारात पत्रिका आणि बॅनर लावणारे, गावोगावची ऑनलाइन सेंटरवाली मंडळी, इंजिनिअरिंगची पोरं. कंप्युटर सगळ्यांचे वेगळे, पण बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात रॅम आणि बायोसबद्दलचे (बायोस म्हणजे मशिन चालू करताना सगळ्यात आधी चालणारं, मदरबोर्डवरच्या चिपेतलं सॉफ्टवेअर) प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ते इथं विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत.

३२०० ची रॅम घेतलो, टास्क मॅनेजरला २१३३ च दाखवायलंय. दुकानदारानं फसवलं काय?

बहुतेक वेळा नाही. भांडायला जायच्या आधी थोडं थांबा.

रॅमच्या पट्टीवर एक बारीक चिप असते आणि त्या पट्टीची सगळी माहिती तिच्यात लिहिलेली असते. त्यात दोन तऱ्हेचे आकडे असतात. पहिला जेडेक या संस्थेच्या नियमांतला सुरक्षित आकडा. डीडीआर४ मध्ये तो २१३३, २४००, २६६६ असा काहीतरी असतो, आणि व्होल्टेज १.२. दुसरा आकडा रॅमच्या कंपनीनं तपासून दिलेला, ३२०० किंवा ३६००, बहुधा १.३५ व्होल्टवर. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात तो हा दुसरा. नवीन जोडलेला बोर्ड मात्र पहिलाच धरतो, कारण मशिन आधी चालू झालं पाहिजे, स्पीडचं नंतर बघता येतं. दुसरा आकडा तुम्ही बायोसमध्ये जाऊन हातानं चालू करायचा असतो, त्या सोयीला एक्सएमपी म्हणतात.

हिरव्या पीसीबीच्या, वर पत्रा नसलेल्या काही साध्या पट्ट्या जेडेकच्या नियमातच ३२०० च्या असतात. त्यांना काही चालू करावं लागत नाही.

खरंच शंका असेल तर सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडा आणि एसपीडी टॅब बघा. तिथं पार्ट नंबर आणि पट्टीत लिहिलेले सगळे स्पीड दिसतात. ३२०० कुठंच नाही, किंवा पार्ट नंबर स्टिकरशी जुळत नाही, असं दिसलं तर बिल घेऊन दुकानात जा.

सीपीयू-झेड १६०० दाखवतंय, टास्क मॅनेजर ३२००. खरं कोण?

दोघंही. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवणारी मेमरी. सीपीयू-झेड ठोके सांगतं, टास्क मॅनेजर माहितीच्या फेऱ्या सांगतो. सीपीयू-झेडचा आकडा दुप्पट करून बघा.

ते एक्सएमपी कुठं असतंय?

कंप्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बायोस उघडेल. गिगाबाइटवर ट्वीकर पानावर एक्स्ट्रीम मेमरी प्रोफाइल अशी ओळ असते. आसुसवर एआय ट्वीकरमध्ये एआय ओव्हरक्लॉक ट्यूनर. एएमडीच्या जुन्या बोर्डांवर तिथं डीओसीपी लिहिलेलं दिसेल. एमएसआयवर पहिल्याच पानावर वर बटण आहे, काही बोर्डांवर त्याला ए-एक्सएमपी म्हणतात. डीडीआर५ च्या एएमडी बोर्डांवर एक्स्पो दिसेल, ते २०२२ मध्ये रायझन ७००० बरोबर आलं. नावं वेगळी असली तरी काम तेच.

प्रोफाइल १ निवडा, एफ१० दाबून सेव्ह करा. एवढंच. यासाठी बायोस अपडेट करावं लागत नाही. दहातले आठजण अपडेटबद्दल विचारत येतात आणि त्यांचं काम या एका ओळीत होतं.

एक्सएमपी चालू केलो तरी २६६६ च्या वर जाईना झालंय.

आता खरा प्रश्न. स्पीड ठरवणारे तिघं आहेत: रॅम, प्रोसेसर आणि मदरबोर्डचा चिपसेट. औताला जुंपलेल्या बैलांत एक हळू चालला की जोडी त्याच्याच चालीनं जाते, तसं तिघांत ज्याची हद्द सगळ्यात कमी, त्याच आकड्याला सगळं थांबतं. रॅम कितीही महागाची आणा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त गाठ पडते ती इंटेलच्या एच मालिकेतल्या स्वस्त बोर्डांशी. एच३१०, एच४१० आणि बी४६० सुद्धा, यांवर मेमरीचा स्पीड प्रोसेसरच्या अधिकृत हद्दीच्या वर नेता येत नाही. दहाव्या पिढीचा आय५ असेल तर हद्द २६६६, आय७ असेल तर २९३३. नवव्या पिढीचा आय३-९१०० असेल तर २४०० वरच गाडी थांबते. इथं बायोसची कितवीही आवृत्ती टाका, फरक पडणार नाही. कुलूप कंपनीनं मुद्दाम घातलेलं आहे. झेड मालिकेत ते कुलूप नव्हतंच. बी मालिकेत ते २०२१ च्या बी५६० पासून निघालं. एच५१० वर अकराव्या पिढीचा प्रोसेसर असेल किंवा एच६१० वर बारावी पिढी असेल, तर ३२०० मिळतं, कारण त्या प्रोसेसरांची स्वतःचीच हद्द तेवढी आहे.

एएमडीच्या बी४५०, बी५५० बोर्डांवर असलं कुलूप नाही. तिथं प्रोसेसर बघायचा. पहिल्या पिढीच्या रायझनची अधिकृत हद्द २६६६ च्या आसपास, दुसऱ्या पिढीची २९३३, ३००० आणि ५००० मालिकेची ३२००. रायझन ३ ३२००जी नावाला ३००० मालिकेत आहे, पण हद्द त्याची २९३३ च. त्याच्या वर एक्सएमपीनं चालतं, बऱ्याचदा नीट चालतं, पण ते तुमच्या जबाबदारीवर.

म्हणून एच४१० वाल्याला ३६०० ची रॅम विकणारा मला पटत नाही. चालेल ती, पण २६६६ नं. वरचे पैसे एसएसडीला घालावेत.

एच६१ चा जुना बोर्ड हाय, १६०० ची डीडीआर३ घातलो, १३३३ दाखवतंय.

दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असेल तर १३३३ हीच त्याची हद्द. तिसऱ्या पिढीचा असेल तर १६०० मिळायला हवं. मात्र एच६१ वर तिसरी पिढी चालायला बायोसही तेवढं नवीन लागतं. ओळखीच्या कंपनीचा बोर्ड असेल तर ते साइटवर मिळतं. नाव नसलेल्या, नव्यानं बनवून येणाऱ्या एच६१ बोर्डांना साइटच नसते. त्यांच्या अपडेटच्या मागं लागू नका.

याच गटातली दुसरी फसगत: ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळणारी ‘फक्त एएमडीसाठी’ लिहिलेली डीडीआर३ पट्टी. त्या पट्टीतल्या चिपांची रचना वेगळी असते आणि इंटेलच्या बोर्डांना ती ओळखता येत नाही. पट्टी बिघडलेली नसते, बोर्डही बिघडलेला नसतो. परत पाठवा.

दोन पट्ट्या कुठल्या स्लॉटमध्ये घालायच्या? शेजारी शेजारी घातलो तर काय होतंय?

चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा. शेजारी घातल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि मेमरीचा रस्ता निम्मा होतो. आकड्यात सांगायचं तर ३२०० वर एका चॅनलची क्षमता सेकंदाला २५.६ जीबी, दोन चॅनलची ५१.२. म्हणजे स्पीड २१३३ वरून ३२०० करून जेवढं मिळतं, त्यापेक्षा जास्त एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या योग्य जागी घालून मिळतं. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशिनला हे फार जाणवतं, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं.

पट्टी बसवताना दोन्ही कडांचा ‘टक’ आवाज यायला हवा. एका बाजूची कडी नसलेले बोर्ड असतात, त्यांत पट्टी अर्धी बसूनही बसल्यासारखी दिसते.

घरात एक आठची पट्टी हाय, दुसऱ्या कंपनीची आठची घातली तर चालेल का?

चालेल बहुधा. स्पीड दोघांतल्या कमी आकड्याला येईल. एक्सएमपी मात्र अडू शकतं, कारण बोर्ड एका पट्टीचं टायमिंग दुसरीवर लादतो. अशा जोडीवर एक्सएमपी बंद ठेवून हातानं २६६६ लावा, चालली तर पुढं सरका. जमत असेल तर पहिल्यापासून जोडीचं खोकंच घ्या.

चार पट्ट्यांचं वेगळंच आहे. चारी स्लॉट भरले की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर भार पडतो आणि हद्द खाली येते. रायझन ७००० वर दोन पट्ट्यांना एएमडी ५२०० सांगते, चार पट्ट्यांना ३६००. ड्रॉइंगच्या मशिनला ६४ जीबी हवी असेल तर १६ च्या चार घेण्यापेक्षा ३२ च्या दोन घ्या.

एक्सएमपी केलो आणि आता स्क्रीनच येईना झालीय!

घाबरू नका, काही जळलेलं नाही. बरेच बोर्ड दोन-तीनदा चालू-बंद होऊन स्वतःच जुन्या स्पीडवर येतात. पाच मिनिटं द्या.

नाहीच आलं तर वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि सीमॉस क्लिअर करा. बोर्डावर त्या नावाच्या दोन पिना असतात, त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक पाच-दहा सेकंद लावा. पिना सापडत नसतील तर नाण्याएवढा सेल (सीआर२०३२) काढून पाच मिनिटांनी परत घाला. बायोस मूळ सेटिंगवर येतं. नंतर प्रोफाइल २ असेल तर ते लावा, नाहीतर प्रोफाइल चालू ठेवून फक्त फ्रिक्वेन्सी एक पायरी खाली आणा: ३२०० ऐवजी ३००० किंवा २९३३. व्होल्टेज वाढवून आकडा खेचत बसण्यापेक्षा एक पायरी खाली उतरलेलं बरं. कामात फरक कळणार नाही आणि रात्रभर रेंडर लावून झोपता येईल.

स्पीड लावून ठेवलो तरी रोज सकाळी परत २१३३ होतंय.

सेल संपलाय. दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची सवय असते, त्यामुळं बोर्डाला रात्रभर करंट नसतो आणि मेलेला सेल सेटिंग सांभाळू शकत नाही. बऱ्याच बोर्डांवर मग सगळं मूळ सेटिंगवर येतं. दुसरी खूण: तारीख मागं गेलेली असते. ऑनलाइन सेंटरवाल्यांना ही खूण आधी दिसते, कारण उतारा काढायला किंवा सेवा सिंधू हे कर्नाटक सरकारचं पोर्टल उघडायला गेलं की ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो. नवीन सेल घाला, तारीख लावा, एक्सएमपी पुन्हा चालू करा.

काम करता करता मधेच निळी स्क्रीन येतीय. रॅमच असेल काय?

आधी एक्सएमपी बंद करून दोन-चार दिवस वापरा. त्रास थांबला तर स्पीडचा प्रश्न, नाही थांबला तर पट्टी किंवा दुसरंच काही. तपासायला मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाका आणि रात्रभर चालू द्या. एकसुद्धा एरर आली तर ती एररच. ‘एकच आली, जाऊ दे’ असं रॅमच्या बाबतीत चालत नाही. एरर आली की एकेक पट्टी वेगळी घालून पुन्हा चाचणी, म्हणजे पट्टी खराब की स्लॉट ते कळतं.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या मशिनांचं एक वेगळं दुखणं आहे. पावसाळ्याचे चार महिने हवेत ओल एवढी असते की पट्टीच्या सोनेरी दातांवर थर धरतो. मशिन चालू होतं, पंखा फिरतो, स्क्रीन काळी. बोर्डावर डीरॅम लिहिलेला बारका दिवा असेल तर तो पेटलेला दिसेल. पट्टी काढा, शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरानं दात हलक्या हातानं पुसा, चुरा ब्रशनं झटका, स्लॉटमधली धूळ ब्लोअरनं उडवा. पॉलिशपेपर नको, पेट्रोल तर नकोच नको. मशिन आठवड्यातनं एकदोनदा तरी तासभर चालू ठेवा, त्याच्या स्वतःच्या उष्णतेनं ओल धरत नाही.

बायोस अपडेट करावं की करू नये? एकजण म्हणतोय कर, दुसरा म्हणतोय हात लावू नको.

‘चालतंय तर हात लावू नको’ हा जुना सल्ला अर्धा बरोबर आहे. कारण असेल तरच करा, पण कारण असेल तर टाळू नका.

कारणं कुठली? नवीन प्रोसेसर घालायचाय आणि बोर्ड त्याच्या आधीचा आहे: बी४५० वर रायझन ५०००, एच६१० वर तेरावी पिढी. दुसरं, रॅम बोर्डाच्या यादीत आहे तरी सांगितलेला स्पीड धरत नाही; रायझनच्या सुरुवातीच्या बोर्डांना आणि डीडीआर५ च्या पहिल्या बोर्डांना नव्या बायोसनं खूप सुधारलं. तिसरं, प्रोसेसरच्या जिवावर बेतणारे दोष. २०२३ मध्ये रायझन ७००० च्या एक्स३डी प्रोसेसरांचे काही नग जळाले, तेव्हा एसओसी व्होल्टेज १.३ वर रोखणारी बायोस आली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे आय९, आय७ आणि वरचे काही आय५ जास्त व्होल्टेजमुळं हळूहळू खराब होतात हे उघड झालं. इंटेलनं ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोसमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या दुरुस्त्या) दिले, आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल आणि बोर्डावर अजून जुनंच बायोस असेल, तर हे अपडेट याच आठवड्यात करा. आधीच बिघडलेला प्रोसेसर त्यानं बरा होत नाही, पण चांगला असलेला वाचतो.

यातलं काहीच नाही, नुसतं ‘नवीन आलंय म्हणून’ असेल तर राहू द्या.

आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही. अपडेट चालू असताना गेली तर?

तर बोर्ड मरू शकतो, आणि यातली खरी भीती तेवढीच आहे. अपडेट म्हणजे बोर्डावरच्या एका आठ पायांच्या चिपेतलं जुनं पुसून नवीन लिहिणं. पुसून झालंय, लिहून झालेलं नाही, अशा वेळी करंट गेला तर पुढच्या वेळी बोर्डाला सुरू कसं व्हायचं हेच ठाऊक नसतं. काम तीन ते दहा मिनिटांचं असतं.

म्हणून वेळ निवडा. वळवाच्या ढगांत नको, जुलैच्या वाऱ्यापावसात खानापूरच्या बाजूला तर नकोच, झाडाची एक फांदी तारेवर पडली की दिवस गेला. हिवाळ्यातली सकाळ उत्तम. गणपतीच्या आधल्या आठवड्यात, बॅनरची गर्दी असताना तर मुळीच करू नका. लाईट नाही गेली तरी बिघाड व्हायला तोच मुहूर्त सापडतो.

यूपीएस लावा, पण आधी तो तपासा. मशिन नुसतं चालू ठेवून यूपीएसची वायर भिंतीतनं काढा आणि घड्याळ बघा. पंधरा मिनिटं टिकला तर ठीक. दोन-तीन वर्षांच्या यूपीएसची बॅटरी बहुधा एक मिनिटही काढत नाही, नुसता ओरडतो.

घरचा इन्व्हर्टरही चालतो, फक्त त्याच्यावर इको आणि यूपीएस असं बटण असेल तर यूपीएसवर ठेवा. चांगला पॉवर सप्लाय करंट तुटल्यावर साधारण १६-१७ मिलीसेकंद कळ काढतो. यूपीएसच्या खुणेवर इन्व्हर्टर त्याच्या आत उचलून धरतो, इकोवर ती खात्री नाही. हेही वायर काढून, म्हणजे मेन पाडून, आधी तपासता येतं.

फाइल कुठली घ्यायची?

बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव वाचा. बी४५०एम आणि बी४५० वेगळे, शेवटी एक अक्षर जास्त असलं तरी वेगळा बोर्ड. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यात रिव्हिजन नंबर असतो, १.० आणि २.० च्या फाइली वेगळ्या असतात. आत्ताची आवृत्ती विंडोजमध्ये एमएस-इन्फो-३२ चालवून बघा.

फाइल फक्त बोर्ड कंपनीच्या साइटवरनं. टेलिग्रामवरनं नको, ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरकडून नको. बीटा लिहिलेली आवृत्ती सोडून द्या. प्रत्येक आवृत्तीखालची बारीक टीप वाचा: ‘आधी अमुक आवृत्ती टाका’ असं लिहिलेलं असतं आणि ती पायरी गाळली तर अडकता. जुन्या बी४५० वर मधली पायरी बऱ्याचदा लागते.

अपडेट कसं करायचं, एकेक सांगा.

पेनड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस असेल तर बऱ्याच बोर्डांना फाइल दिसत नाही. झिप उघडून आतली फाइल पेनड्राइव्हच्या मुळाशी ठेवा, फोल्डरात नको. बायोसमधल्या सगळ्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः साटा मोड (एएचसीआय की रेड), बूटचा क्रम आणि पंख्यांची सेटिंग. एक्सएमपी बंद करा आणि एकदा मूळ सेटिंगवर मशिन चालू होतंय ना बघा. डळमळीत रॅमवर फ्लॅश करणं, म्हणजे नवीन बायोस लिहिणं, धोक्याचं.

मग बायोसमधूनच फ्लॅश करा: गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश, आसुसवर ईझेड फ्लॅश, एमएसआयवर एम-फ्लॅश, अ‍ॅसरॉकवर इन्स्टंट फ्लॅश. विंडोजमधून करायची सोय असली तरी मी ती वापरत नाही. मधेच अँटिव्हायरस किंवा विंडोज अपडेट काय करेल सांगता येत नाही. टक्के पुढं सरकतात, मधेच एका आकड्यावर थांबल्यासारखं वाटतं. हात खिशात ठेवा. मशिन स्वतः दोन-तीनदा बंद-चालू होईल.

थांबा, बिटलॉकर काय भानगड हाय? अपडेटनंतर ४८ आकडी की मागायलंय!

ही आजकालची सगळ्यात वाईट फसगत. लाईट गेली तर बोर्ड जातो, इथं डेटा जातो.

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलेलं असलं की बऱ्याच मशिनांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते, ते कुलूप म्हणजे बिटलॉकर. २४एच२ आवृत्तीपासून तर होम एडिशनवर नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्येही हे सर्रास होतं. वापरणाऱ्याला पत्ता नसतो. बायोस बदललं की सुरक्षेची चिप म्हणते, मशिन बदललं, आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते.

म्हणून अपडेटच्या आधी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा. चालू असेल तर की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. खातं पुतण्यानं नाहीतर दुकानातल्या पोरानं उघडलेलं असेल तर आधी त्याला फोन करा. प्रो एडिशन असेल तर कंट्रोल पॅनलमधून बिटलॉकर तात्पुरतं थांबवा; होमवर एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उघडेपर्यंत थांबा.

एएमडी बोर्डांवर अपडेटनंतर कधीकधी काळ्या पडद्यावर एफटीपीएमबद्दल (एएमडीच्या प्रोसेसरमधलीच सुरक्षेची सोय) इंग्रजी मजकूर येतो आणि वाय की एन विचारतो. घाईघाईत वाय दाबू नका. वाय म्हणजे जुनी किल्ली पुसणं. की हातात नसेल तर एन.

अपडेट झालं, पण विंडोज चालू होईना झालंय.

सेटिंग मूळ जागी गेलीत. साटा मोड बदलला असेल, रेडचा एएचसीआय झाला असेल. मघाशी मोबाइलवर काढलेले फोटो उघडा आणि तसंच लावा. आणि हो, एक्सएमपी सुद्धा बंद झालेलं असतं. ‘अपडेट केल्यावर रॅम स्लो झाली’ म्हणून येणारे फोन त्याचेच.

नवीन पीसी जोडलो, डीडीआर५. दहा मिनिटं झाली, काळी स्क्रीन.

चालू द्या. डीडीआर५ चा बोर्ड पहिल्यांदा प्रत्येक पट्टीचं टायमिंग जुळवत बसतो. त्याला ट्रेनिंग म्हणतात. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर मोठ्या पट्ट्यांना बरीच मिनिटं लागतात आणि बायोस अपडेटनंतर ते पुन्हा होतं. लोक कंटाळून बटण दाबतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. चहा घेऊन या. अर्ध्या तासानंतरही काही नाही तर प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये एकच पट्टी ठेवून बघा.

बोर्ड जुना, प्रोसेसर नवा. चालूच होत नाही तर अपडेट कसं करू?

मागच्या बाजूला फ्लॅशबॅक किंवा क्यू-फ्लॅश प्लस लिहिलेलं बटण आहे का बघा. असेल तर प्रोसेसर, रॅम काहीही न घालता फ्लॅश करता येतं. ठरवून दिलेल्या यूएसबी पोर्टलाच पेनड्राइव्ह लावायचा आणि फाइलचं नाव कंपनी सांगेल तसंच इंग्रजीत लिहायचं: एमएसआयला एमएसआय डॉट रॉम, गिगाबाइटला गिगाबाइट डॉट बिन, आसुसला त्यांच्याच रीनेमरनं बदललेलं. दिवा लुकलुकतो, थांबला की झालं. बटण नसेल तर जुना प्रोसेसर उसना आणायचा. बेळगावात ओळखीच्या दुकानात तासाभरासाठी मिळतो. खरेदी करतानाच बिलावर ‘बायोस अपडेट करून द्यावे’ लिहून घेतलं तर ही धावपळ वाचते.

बोर्ड मेलाच तर? टाकून द्यायचा?

लगेच नाही. गिगाबाइटच्या काही बोर्डांवर दोन बायोस असतात, दुसरं आपोआप धरतं. फ्लॅशबॅकचं बटण असेल तर त्यानं परत लिहिता येतं.

दोन्ही नसेल तर प्रोग्रामर. सीएच३४१ए नावाचं छोटं यंत्र आणि एक चिमटा, दोन्ही स्वस्तात मिळतं. बोर्डावरची ती आठ पायांची चिप शोधायची (बहुधा २५क्यू१२८ किंवा २५क्यू२५६ असं लिहिलेली), मशिनचा करंट आणि सेल काढून चिमटा लावायचा आणि लॅपटॉपवरनं लिहायचं. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. आधी चिपेत जे आहे ते वाचून कॉपी ठेवा, कारण त्यात बोर्डाचा सिरियल नंबर आणि लॅन पोर्टचा पत्ता असू शकतो. आणि चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ ची ते नंबरवरनं बघा, लॅपटॉपांत १.८ च्या चिपा भेटतात आणि त्यांना मधे अडॅप्टर लागतो, नाहीतर चिप जाते. हातात सवय नसेल तर मोबाइल दुरुस्तीच्या चांगल्या कारागिराकडे जा.

वॉरंटीत असेल तर चिमटा लावू नका. पाठवा, वेळ लागेल, पण दुरुस्त होऊन किंवा बदलून येईल.

जुनी आवृत्ती परत टाकता येते का?

कधी येते, कधी कंपनीनं वाट बंद केलेली असते. वर जायच्या आधी ती टीप वाचायची ती याचसाठी.

लॅपटॉप आणि ऑफिसमधनं आलेले सेकंडहँड डेस्कटॉप?

बहुतेक लॅपटॉपांत आणि डेल, एचपी, लेनोव्होच्या ऑफिस डेस्कटॉपांत एक्सएमपी नसतं. जेडेकच्या आकड्यांतला, प्रोसेसरला झेपणारा स्पीड तेवढा मिळतो. तेव्हा ३२०० चा एक्सएमपी छाप गेमिंगचा पट्टा त्यात घालू नका. तो बहुधा २१३३ किंवा २४०० वर पडून राहील आणि साधी जेडेक ३२०० ची पट्टी त्याच्यापेक्षा पळेल. पट्टी घेताना विक्रेत्याला एवढंच विचारा: १.२ व्होल्टवर ३२०० आहे का? यांचं बायोस अपडेट मात्र सोपं आहे, कंपनीच्या साइटवर सर्व्हिस टॅग किंवा मॉडेल टाकलं की नेमकी फाइल मिळते. लॅपटॉपला चार्जर लावलेला आणि बॅटरी पुरेशी भरलेली असल्याशिवाय बहुतेक वेळा ती फाइल पुढं जातच नाही, त्यामुळं लाईटची काळजीही कमी.